निसर्गचित्रातला माणूस

थॉमस कोल याच्या ‘द ऑक्सबो’ या चित्रात चित्रकार स्वतः हजर आहे, पण त्याला शोधावे लागते. १८३६ चे हे तैलचित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. उंची सुमारे १३१ सेंटिमीटर आणि रुंदी १९३. मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट होलिओकच्या माथ्यावरून दिसणारा हा देखावा आहे. डावीकडे नुकतेच बरसून पुढे सरकणारे वादळ, काळे ढग, मोडून वाकलेले एक झाड आणि माणसाचा मागमूस नसलेले दाट रान. उजवीकडे खाली उन्हात न्हालेले खोरे, त्यात जवळजवळ पूर्ण वर्तुळ करून परत फिरणारी कनेटिकट नदी, तिच्या दोन्ही काठांवर आखल्यासारखी शेते, घरांतून निघणाऱ्या धुराच्या बारीक रेषा. या दोन जगांच्या मध्ये, चित्राच्या अगदी तळाशी, खडकांच्या बेचक्यात टोपी घातलेला एक माणूस कॅनव्हाससमोर बसला आहे आणि मान वळवून थेट आपल्याकडे पाहतो आहे. जवळच कातळावर त्याचे सामान पडले आहे. तिरकी रोवलेली छत्री आहे, घडीचे स्टूल आहे आणि रेखाटनांची थैली आहे, जिच्यावर कोलने आपले नाव घातले आहे. चित्रात ठळकपणे दिसणारा माणूस हा एवढाच, आणि त्याची उंची आपल्या बोटाएवढीही भरत नाही.

मी न्यू जर्सीत राहते आणि सवड मिळाली की या चित्रासमोर जाऊन उभी राहते. लोक येतात, नदीचे वळण पाहतात, फोटो काढतात आणि पुढे जातात; खालच्या माणसाकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. मला मात्र निसर्गचित्र पाहताना आधी माणूस शोधायची सवय आहे. ती महाराष्ट्रात शाळेत असतानाच लागली. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या कोणालाही आठवत असेल की स्मरणचित्रात मनुष्याकृती हव्यातच, आणि निसर्गचित्र रंगवायला बसले तरी चित्रकलेचे शिक्षक मागून येऊन सांगत, ‘एखादी फिगर टाक, म्हणजे डोंगर केवढा आहे ते कळेल.’ सल्ला खराच आहे. झाडाजवळ माणूस काढला की झाडाची उंची ठरते, कड्यावर काढला की दरीची खोली ठरते. पण अमेरिकेतली एकोणिसाव्या शतकातली निसर्गचित्रे पाहू लागल्यापासून माझ्या लक्षात येत गेले की त्या बारीकशा आकृतीच्या अंगावर उंची-खोली मोजण्यापेक्षा फार मोठे काम टाकलेले असते. ही जमीन कोणाची, तिच्याकडे पाहायचा हक्क कोणाला, आणि इथून कोणी निघून जायचे आहे, याविषयी चित्रकाराचे आणि त्याच्या काळाचे जे म्हणणे असते ते त्या ठिपक्यात साठलेले असते. कधी ते ठिपका काढल्यामुळे कळते, तर कधी तो पुसल्यामुळे.

कोल जन्माने इंग्रज. १८०१ मध्ये लँकशायरमधल्या बोल्टन या कापडगिरण्यांच्या गावात तो जन्मला आणि १८१८ मध्ये कुटुंबाबरोबर अमेरिकेत आला. गिरण्यांच्या धुरात वाढलेल्या या मुलाला हडसन नदीच्या वरच्या अंगाचे डोंगर पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. १८२५ मध्ये तो बोटीने नदीवरून कॅट्सकिलच्या डोंगरांत गेला. तिथल्या रेखाटनांवरून त्याने केलेली चित्रे न्यूयॉर्कमध्ये तीन नामवंत चित्रकारांनी विकत घेतली आणि त्याचे नाव झाले. पुढे ज्या परंपरेला ‘हडसन रिव्हर स्कूल’ म्हणू लागले, तिची सुरुवात या सफरीपासून धरतात.

कोलला ही राने निर्जन सापडली होती, असे मात्र नाही. कॅट्सकिल माउंटन हाउस हे मोठे हॉटेल १८२४ मध्येच सुरू झाले होते आणि काटरस्किल हा दोन टप्प्यांत कोसळणारा, एकूण सुमारे २६० फूट उंचीचा धबधबा हे पर्यटकांचे आवडते ठिकाण बनले होते. माथ्यावर लोकांना उभे राहून पाहता यावे म्हणून बांधकाम केलेले होते, कठडे होते. वरचे पाणी बांध घालून अडवायचे आणि पाहुणे आले की सोडायचे, असा धंदाही तिथे चालत असे. कोलच्या १८२६ च्या ‘फॉल्स ऑफ द काटरस्किल’ या चित्रात यातले काहीच नाही. कठडे आणि मंडप गेले, पर्यटक गेले. उरले शरदातले तांबडे-पिवळे रान, ओले कातळ, फाटलेले आभाळ, आणि मधोमध कातळाच्या कडेवर एकटाच उभा असलेला एक मूलनिवासी माणूस, इतका लहान की छापील प्रतिकृतीत तो बहुधा हरवूनच जातो.

म्हणजे जे लोक तिथे होते त्यांना चित्रकाराने काढून टाकले, आणि ज्यांना तिथून आधीच जावे लागले होते त्यांच्यातला एक आणून उभा केला. हडसनच्या खोऱ्यातले मोहिकन लोक एका जागेवरून दुसऱ्या जागेवर ढकलले जात शेवटी याच दशकात विस्कॉन्सिनच्या दिशेने निघाले होते. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. स्टॉकब्रिज-मन्सी नावाने त्यांचा समाज नांदतो आहे. चित्रातला माणूस मात्र कुठे जात नाही, काही करत नाही, कोणाशी बोलत नाही. पाहणाऱ्याला हे रान आदिम वाटावे, एवढ्यासाठीच तो आहे.

चार वर्षांनी कोलने हेच नायगाराच्या बाबतीत केले. ‘डिस्टंट व्ह्यू ऑफ नायगारा फॉल्स’ हे १८३० चे चित्र आता शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. त्या काळी नायगाराभोवती हॉटेले होती, गिरण्या होत्या. चित्रात धबधब्यासमोरच्या कातळावर दोन मूलनिवासी आकृती आहेत आणि बाकी सगळे रानच रान. त्याच वर्षी, २८ मे १८३० रोजी, अमेरिकेत ‘इंडियन रिमूव्हल ॲक्ट’ मंजूर झाला. मिसिसिपीच्या पूर्वेकडच्या मूलनिवासी समाजांना पश्चिमेला हलवण्याचा मार्ग या कायद्याने मोकळा केला आणि त्यातूनच पुढे चेरोकी लोकांची ती प्राणघातक पायपीट झाली, जिच्यात हजारो माणसे वाटेतच मेली. कोलने चित्र काढताना कायद्याचा विचार केला होता, असे मला म्हणायचे नाही. पण कागदावर ज्यांना हुसकावले जात होते त्यांनाच कॅनव्हासवर रानाचे अलंकार म्हणून जपले जात होते, आणि या दोन्ही गोष्टी एकाच समाजाला एकाच वेळी सहज वाटत होत्या, हे विसरून ते चित्र पाहता येत नाही.

कोलच्या मनात यामागे काय होते, ते त्याने १८३६ मध्ये पूर्ण केलेल्या ‘द कोर्स ऑफ एम्पायर’ या पाच चित्रांच्या मालिकेत उघड दिसते. ही मालिका न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीच्या (आताचे नाव ‘द न्यूयॉर्क हिस्टॉरिकल’) संग्रहात आहे. पाचही चित्रांत खाडी तीच आणि माथ्यावर भलामोठा धोंडा घेतलेला डोंगरही तोच. बदलतात ती माणसे. पहिल्या चित्रात कातडे पांघरलेला शिकारी धनुष्य घेऊन हरणामागे धावतो आहे आणि लांब पठारावर झोपड्यांमध्ये आग पेटली आहे. दुसऱ्यात मेंढपाळ आहेत, देऊळ आहे, काठीने जमिनीवर आकृती काढणारा म्हातारा आहे आणि दगडी पुलावर बसून माणसाचे चित्र रेखणारा एक लहान मुलगा आहे. मालिकेतला हा तपशील मला सर्वांत प्रिय आहे. तिसऱ्या चित्रात संगमरवरी शहर आणि मिरवणुकीतली अलोट गर्दी, चौथ्यात आग, कत्तल आणि पाण्यात कोसळणारी माणसे, आणि पाचव्यात वेलींनी वेढलेला एकटा स्तंभ, त्यावर पक्ष्याचे घरटे, उगवणारा चंद्र. तिथे माणूस एकही नाही. साम्राज्यांच्या गर्वाला दिलेला हा इशारा म्हणून मालिका आजही थरकाप उडवते. मात्र तिच्यातली पहिली पायरी नीट पाहिली पाहिजे. रानात राहणारा शिकारी हा कोलच्या हिशेबात इतिहासाचा आरंभ आहे. दुसरे चित्र सुरू व्हायचे तर त्याने पहिल्यातच संपले पाहिजे. काटरस्किलच्या कातळावर उभा असलेला तो एकटा माणूस याच पहिल्या पायरीवरून उचलून आणलेला आहे.

त्याच वर्षी कोलने अमेरिकेच्या निसर्गशोभेवर एक निबंध प्रसिद्ध केला आणि राने भराभर कुऱ्हाडीखाली जात आहेत याबद्दल त्यात मनापासून खेद व्यक्त केला. ‘ऑक्सबो’मधला चित्रकार म्हणूनच मला अधिक प्रामाणिक वाटतो. इथे कोलने मूलनिवासी आकृती उसनी आणलेली नाही. रान आणि शेती यांच्या सीमेवर तो स्वतः बसला आहे आणि बसला आहे हे लपवत नाही. इंग्लंडातून आलेला, छत्री-स्टूल घेऊन डोंगर चढलेला, या जमिनीचे चित्र करून विकणारा माणूस. रानाचा कैवार घेणारे हात आणि खोऱ्यातल्या शेतीवर पोसणारे पोट एकाच माणसाचे आहे, हे त्याच्या वळून पाहण्यात मला दिसते. (पुढे १८४० च्या पुरात नदीने त्या वळणाची चिंचोळी मान फोडली आणि सरळ वाट धरली. कोलने रंगवलेली वाहती कमान आज एक बाजूला पडलेले तळे आहे आणि तिच्यावरून महामार्ग जातो.)

कोल १८४८ मध्ये वारला. पुढच्या पिढीत चित्रे मोठी झाली आणि डोंगरही पश्चिमेचे आले. आल्बर्ट बीअरस्टाट याचे ‘द रॉकी माउंटन्स, लँडर्स पीक’ हे १८६३ चे चित्र तीन मीटरहून अधिक रुंद आहे आणि तेही मेट्रोपॉलिटनमध्येच आहे. मागे बर्फाची शिखरे, मध्ये उन्हाची तिरीप पडलेला धबधबा आणि आरशासारखे पाणी, तर पुढच्या सबंध पट्ट्यात शोशोनी लोकांचा तळ. तंबू, घोडे, कुत्री, मारून आणलेली जनावरे, कामात गुंतलेल्या बायका. या पट्ट्यावर बीअरस्टाटने जीव ओतून काम केले आहे. १८५९ च्या पश्चिमेच्या प्रवासात त्याने हे लोक प्रत्यक्ष पाहिले होते. कोलच्या एकट्या आकृतीपेक्षा ही माणसे कितीतरी अधिक माणसे आहेत, कारण त्यांना कामे आहेत आणि सोबत आहे. पण चित्राची तारीख विसरता येत नाही. २९ जानेवारी १८६३ रोजी, आजच्या आयडाहोमध्ये बेअर नदीच्या काठी, अमेरिकी सैन्याने शोशोनींच्या हिवाळी तळावर हल्ला करून बायकामुलांसह शेकडो लोक मारले. न्यूयॉर्कचे प्रेक्षक ज्या शांत तळाचे कौतुक करत होते, त्याच लोकांचा खरा तळ त्याच वर्षी बेचिराख झाला होता.

त्यानंतर माणूस चित्रातून पूर्णच जाऊ लागतो. बीअरस्टाटच्या १८६५ च्या ‘लुकिंग डाउन योसेमिटी व्हॅली’मध्ये सोनेरी उजेडाने भरलेली दरी आहे आणि तिच्यात कोणीही नाही. योसेमिटीत अव्वाहनीची लोक राहत होते. १८५१ मध्ये मारिपोसा बटालियन या सशस्त्र तुकडीने दरीत शिरून त्यांना हुसकावले. काहीजण परतले, पण दरीवरचा त्यांचा ताबा गेला तो गेलाच. १८६४ मध्ये लिंकनने सही केली आणि दरी सार्वजनिक उपभोगासाठी राखून ठेवण्यात आली. यलोस्टोनची गोष्ट याच वळणाची. थॉमस मोरान १८७१ मध्ये हेडनच्या सर्वेक्षण पथकाबरोबर तिथे गेला. त्याची जलरंगातली चित्रे आणि विल्यम हेन्री जॅक्सनची छायाचित्रे अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना दाखवली गेली आणि १ मार्च १८७२ रोजी यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान झाले. मोरानचे यलोस्टोनच्या दरीचे भव्य तैलचित्र काँग्रेसने १०,००० डॉलरना विकत घेतले. यलोस्टोनच्या डोंगरांत वस्ती करून असलेल्या तुकुडिका शोशोनींना त्याच दशकात तिथून राखीव वसाहतींत हलवण्यात आले. मोरानचे चित्र खोटे नाही. ती दरी तशीच पिवळी, तशीच अफाट आहे. पण राखलेले रान म्हणजे माणूस नसलेले रान, ही समजूत लोकांच्या डोळ्यांत ठसवण्यात अशा चित्रांचा वाटा मोठा होता, आणि तिची झळ पुढे जगभरच्या अभयारण्यांतल्या कितीतरी गावांना लागली.

चित्रातून पुसून टाकण्याचा आणखी एक प्रकार युरोपात आहे आणि तो मला वेगळा मानावासा वाटतो. २०२५ मध्ये मेट्रोपॉलिटनने कास्पार डाविड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा बर्लिनचे ‘समुद्राकाठचा भिक्षू’ आणि हॅम्बुर्गचे ‘धुक्याच्या सागरावरचा भटका’ ही दोन्ही चित्रे इथे आली होती. १८०८ ते १८१० या काळात केलेल्या पहिल्या चित्रात वाळूचा पांढुरका पट्टा, काळ्या पाण्याची चिंचोळी रेघ आणि चारपंचमांशाहून अधिक जागा व्यापणारे आकाश, आणि खाली पाठमोरा उभा असलेला एक भिक्षू. इन्फ्रारेड तपासणीत असे दिसून आले की फ्रीडरिशने या समुद्रावर आधी जहाजे रेखली होती आणि मग ती झाकून टाकली. जहाजे असती तर नजरेला टेकायला जागा मिळाली असती. ती काढल्यावर भिक्षूला पाहायला काहीच उरत नाही आणि आपल्यालाही. हे पुसणे कोणाच्या जमिनीवरचा हक्क पुसत नाही. ते पाहणाऱ्याचाच आधार काढून घेते. सुमारे १८१८ चा ‘भटका’ अधिक प्रसिद्ध आहे, पण मला तो तितकासा जवळचा वाटत नाही. हातात काठी घेऊन, एक पाय पुढे टाकून तो धुक्याच्या वर उभा आहे आणि शिखरे त्याच्या छातीशी येऊन मिळतात. पाहता पाहता तो दृश्याचा मालक होतो. भिक्षूला मालकीची ही सोयच नाही.

या सगळ्यांच्या कितीतरी आधी, इसवी सन १००० च्या सुमारास, फान क्वान या चिनी चित्रकाराने ‘डोंगर आणि ओढ्यांमधले प्रवासी’ हे चित्र रेशमावर शाईने केले. ते ताइपेच्या नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये आहे. दोन मीटरहून थोड्या अधिक उंचीच्या त्या पटाचा दोनतृतीयांश भाग एकाच कड्याने व्यापला आहे. कड्याच्या चिरेतून दोऱ्यासारखे बारीक पाणी उतरते आणि पायथ्याशी धुक्याचा पट्टा डोंगराला जमिनीपासून तोडतो. तळाशी उजवीकडून ओझे लादलेल्या खेचरांचा छोटासा तांडा येतो, बरोबर हाकणारी माणसे आहेत. ती डोंगराकडे मान वर करून पाहत नाहीत. त्यांना मुक्कामाला पोहोचायचे आहे, वाट ओली आहे, जनावरे थकली आहेत. या तांड्याजवळच्या पानांच्या गर्दीत चित्रकाराची सही दडलेली होती आणि ती १९५८ मध्ये कोणाच्या तरी नजरेला पडली. कोलप्रमाणे फान क्वानही आपल्या चित्रात खाली, बारीक होऊन राहिला आहे, पण पाहणाऱ्यांच्या बाजूला न बसता तो वाटेवरच्या माणसांच्या संगतीला गेला आहे.

हे चित्र परके वाटत नाही, याचे कारण माझ्या मते सह्याद्रीत आहे. नाणेघाटाच्या तोंडाशी, जकातीचा म्हणून दाखवल्या जाणाऱ्या त्या दगडी रांजणाजवळ जो उभा राहिला आहे, त्याला ठाऊक असते की कोकणातून देशावर येणारे लमाणांचे तांडे इथून चढत होते आणि कड्याचे भव्यपण त्या बैलांच्या पावलांनी कमी होत नव्हते. घाटमाथ्यावरचा धनगरवाडा, मोळी घेऊन उतरणारी बाई, कारवीच्या रानातून गेलेली पायवाट ही डोंगराची बाधा आहे असे आपल्याकडे डोंगर चढणाऱ्या कोणाला सहसा वाटत नाही.

अमेरिकी निसर्गचित्रांच्या परंपरेत अशी जागा अलीकडे जे चित्रकार शोधू लागले आहेत, त्यांत के वॉकिंगस्टिक या मला फार महत्त्वाच्या वाटतात. १९३५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज इथे जन्मलेल्या वॉकिंगस्टिक वडिलांकडून चेरोकी आहेत. २०२३ च्या शरदात न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीने त्यांची निसर्गचित्रे आपल्या संग्रहातल्या हडसन रिव्हर स्कूलच्या चित्रांबरोबर मांडली. त्यांची चित्रे लाकडी फळ्यांवर तैलरंगात केलेली असतात; बहुतेकांत दोन फळ्या शेजारी शेजारी जोडलेल्या असतात आणि डोंगर किंवा पाणी एकीवरून दुसरीवर जाते. माणसाची आकृती त्यांत सहसा नसते, आणि तरी ती राने रिकामी नाहीत. जो प्रदेश रंगवायचा, तिथल्या मूळ लोकांच्या जुन्या वस्तूंवरची नक्षी त्या संग्रहालयांतून शोधून काढतात आणि ती निसर्गदृश्यावर सपाट, ठसठशीत रंगात उमटवतात. २०२२ च्या त्यांच्या ‘नायगारा’मध्ये हिरवट पाणी कड्यावरून कोसळते आहे आणि त्याच्यावरून हौदेनोसौनी लोकांच्या नक्षीचा पट्टा गेला आहे. कोलने नायगारासमोर उभ्या केलेल्या दोन आकृतींकडे दुर्लक्ष करून धबधबा पाहता येतो, आणि पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोकांनी तो तसाच पाहिला. वॉकिंगस्टिक यांच्या धबधब्याकडे जायला त्या नक्षीवरून जाण्यावाचून दुसरी वाट नाही.